ओव्हरक्लॉक की अंडरव्होल्ट? शेवटच्या मजल्यावरून एक मत

ओव्हरक्लॉक म्हणजे ग्राफिक्स कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं, अंडरव्होल्ट म्हणजे तेच कमी व्होल्टेजवर चालवणं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डवर मी दोन्ही करून पाहिलंय. आधी पाच महिने ओव्हरक्लॉक, नंतर आजतागायत अंडरव्होल्ट. कार्ड तेच, कॅबिनेट तेच, घरही तेच: कर्वेनगरात शेवटचा मजला, वर थेट स्लॅब. माझं सगळं मत त्या स्लॅबखाली तयार झालंय, तेव्हा तुमच्या खोलीत एसी असेल तर पुढचं थोडं मिठाच्या चिमटीसह वाचा.

मजा ओव्हरक्लॉकमध्ये जास्त आहे, हे आधीच कबूल करतो. डिसेंबरात, तापकीर गल्लीतून आणलेले दोन जादा पंखे कॅबिनेटला लावून बसलो होतो. कोअरला, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपला, +१३५ मेगाहर्ट्झ, मेमरीला +८००. टाइम स्पाय या बेंचमार्कचा, म्हणजे कार्डाची ताकद मोजणाऱ्या चाचणीचा, ग्राफिक्स स्कोअर ८७०० च्या आसपास असायचा, तो ९२०० च्या वर गेला. मेमरी +११०० वर नेली तर क्रॅश झाला नाही, पण स्कोअरच खाली घसरला, म्हणून माघार घेतली. रात्री दोनला, पायात मोजे घालून, तो आकडा बघताना काय वाटलं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. गेममध्ये मात्र जिथे सेकंदाला ५८ फ्रेम मिळायच्या तिथे ६१ मिळू लागल्या. माझ्या डोळ्यांना तरी फरक दिसला नाही.

अंडरव्होल्टमध्ये असं मिरवण्यासारखं काही नाही. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून कर्व्ह (किती व्होल्टला किती क्लॉक, म्हणजे वेग, याचा आलेख) उघडला, ०.८७५ व्होल्टचा ठिपका १८६० मेगाहर्ट्झवर नेला, त्यापुढची रेष सपाट केली, म्हणजे त्याहून जास्त व्होल्टेज नाही. स्कोअर मूळच्या जरासा खालीच. पण १७० वॉट खाणारं कार्ड १२५-१३० वर आलं आणि तापमान दहाएक अंशांनी उतरलं. पंख्याचा आवाज मी मोजलेला नाही. आधी आतल्या खोलीतून आई विचारायची, ‘रात्री बाराला मिक्सर कोण लावतंय?’ आता विचारत नाही.

तरी मी आवाजामुळे बदललो नाही. हेडफोन लावला की तो प्रश्न माझ्यापुरता मिटतो. मला वैताग आणला तो संशयाने.

डिसेंबरात घट्ट बसलेली सेटिंग एप्रिलमध्ये सुटली. टाइम स्पायची स्ट्रेस टेस्ट वीस फेऱ्यांची असते आणि पास व्हायला ९७ टक्के लागतात. माझं कार्ड ती आरामात पास व्हायचं. मग एक रे ट्रेसिंगवाला (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवताना कार्डाला दमवणारा) गेम लावायचा, चाळीस मिनिटं मस्त जायची आणि अचानक डेस्कटॉप समोर. ना निरोप, ना एरर. आता हे कोणाचं पाप? गेमचं, नव्या ड्रायव्हरचं, विंडोजचं, की माझ्या +१३५ चं? क्लॉक पंधरा-पंधराच्या पायऱ्यांनी हलतो, म्हणून +१२० केलं. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. +१०५. मग +९०. शेवटी त्या गेमचा पॅच आला आणि कळलं की निदान शेवटचे दोन-तीन क्रॅश तरी गेमचेच होते. कार्ड बिचारं निर्दोष होतं. पण तोवर माझे तीन शनिवार-रविवार खेळण्याऐवजी चौकशी समितीत गेले होते. पाच टक्क्यांसाठी एवढा डोक्याला ताप कोण घेणार?

अंडरव्होल्टमध्ये ही भानगड अजिबात नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. कर्व्ह तोच आहे, व्होल्टेज फार कमी केलं तर तिथेही कार्ड कोसळतं. ०.८५० वर माझंही कोसळलं होतं. फरक माझ्यात पडला. स्कोअरच्या मागे नसल्यामुळे मी मोकळ्या मनाने एक पायरी वर थांबलो. ओव्हरक्लॉक करताना असं थांबणं मला कधी जमलं नाही, समोर पुढचा आकडा असायचाच. आता गेम बंद पडला तर मी गेमला शिव्या देतो आणि झोपतो.

एक बारीक फायदा अनपेक्षित निघाला. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. ६०० व्हीएचा यूपीएस आधी गेम चालू असताना एकदा कोकलून सरळ मान टाकायचा, आता सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ देतो. तुमच्याकडे एएमडीचं आरएक्स ६६०० असेल तर हे गणित थोडं मवाळ होतं, कारण ते मुळातच १३२ वॉटचं कार्ड आहे. तिथे वाचवायला फारसं उरत नाही, आणि जे करायचं ते एएमडीच्या स्वतःच्या रेडिऑन सॉफ्टवेअरमध्येच होतं.

ज्याला बेंचमार्क हाच खेळ वाटतो त्याने ओव्हरक्लॉक जरूर करावं, त्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. रोज संध्याकाळी दोन तास खेळून उठणाऱ्याने मात्र आधी अंडरव्होल्ट करून पाहावं, असं मला वाटतं. मेमरीला +५०० तेवढं सोबत द्या. कोअरमधलं गमावलेलं बरंचसं त्यात भरून निघतं आणि मला त्याचा एप्रिल-मे मध्येही त्रास झालेला नाही.

+१३५ वालं प्रोफाइल मी पुसलेलं नाही. आफ्टरबर्नरच्या दोन नंबरच्या बटणावर आहे अजून. डिसेंबरात भाचा राहायला येतो, तेव्हा त्याला ९२०० दाखवायला लागतात.