मनपाची शाळा का कॉन्व्हेंट?

वहिनी परवा विचारत होत्या, पोरीला पहिलीत मनपाच्या मराठी शाळेत टाकू का कॉन्व्हेंटात. मी म्हटलं आधी वर्गात पोरं किती ते पाहून या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) पहिली ते पाचवी ३० पोरांमागे एक शिक्षक आहे, पण मनपाच्या बऱ्याच शाळांत पटच घसरला, मग दोन इयत्ता एकाच बाईंकडे. कॉन्व्हेंटात उलटं, वर्ग ठासून भरलेला.

खर्चाचं काय सांगू, मनपात पुस्तकं, दुपारचा आहार फुकट, कॉन्व्हेंटात फी अन् व्हॅन. घरी रोज अभ्यास घेणारं कोणी असेल अन् बाई चांगल्या असतील तर मनपा. इंग्रजीच पाहिजे असेल तर आधी आरटीईच्या लॉटरीत (खासगी शाळांत गरीब-वंचित पोरांसाठी राखीव २५ टक्के जागा) बसत असाल तर फॉर्म भरा.