मीटर की बल्ब?

जुन्या मोटरहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) वायरिंगमधला घोळ शोधायला आधी काय घ्यावं, डिजिटल मल्टिमीटर की साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब? मी आधी मीटर घेतला. बल्ब हाताशी आला तो वैतागातून.

बॅटरीच्या बाबतीत मीटरला तोड नाही, हे कबूल. रात्रभर निवांत ठेवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीवर 12.7 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्ध्यावर. बल्ब दोन्हींवर सारखाच लख्ख पेटतो. इंजिन चालू असताना मागच्या, म्हणजे घरातले दिवे-पंप चालवणाऱ्या बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचतंय का, हेही मीटरच सांगणार. (अँपिअर मोजून झाल्यावर लाल वायर 10 अँपिअरच्या भोकातच राहिली आणि तशीच बॅटरीला टेकवली, की मीटरमधला फ्यूज गेलाच. माझे दोन गेलेत.)

पण जुन्या गाडीत बॅटरीपेक्षा जास्त छळतात ते जोड. माझा पाण्याचा पंप बंद पडला. पंपापासून वायरी सोडवून त्यांच्या टोकांना मीटर लावला तर 12.5 व्होल्ट. म्हणजे पंपच गेला, असं धरून नवा बसवला. तोही ढिम्म. पुन्हा मीटर, पुन्हा 12.5! शेवटी इंडिकेटरच्या 21 वॉटच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडून त्याच टोकांना लावला. आतली तार जेमतेम लालसर झाली, तीही हाताचा आडोसा केल्यावर दिसली. फरशीखाली, चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) पंपाचं अर्थिंग, म्हणजे करंट परत नेणारी वायर, आवळलेला बोल्ट गंजून गेला होता आणि वायरचं टोक हिरवं पडलं होतं.

मीटरचा आकडा तसा बरोबरच होता. बऱ्याच डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध 1 कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे ते करंट जवळपास ओढतच नाहीत. मध्ये 10 ओहमचा गंज बसला तरी त्यांना पत्ता लागत नाही. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, त्यामुळे तो लगेच मान टाकतो.

जाणकार म्हणतील, पंपाचा स्विच चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थिंग खराब. खरंय, आता मीही करतो. पण गाडीखाली पाठीवर पडून, लांबलचक वायर ओढत, छातीवरचा आकडा वाचायचा म्हणजे तिसरा हात हवा. बल्ब नुसता बघायचा.

बॅटरीचं वय माहीत नसेल तर आधी मीटर घेतलात तरी चुकणार नाही. बॅटरी धड असेल आणि दिवे, पंप, पंखे लहरीपणा करत असतील, तर माझा कल बल्बकडे. इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या आणि एअरबॅगच्या वायरींना मात्र तो लावू नका. आणि एलईडीवाला टेस्टर घेऊ नका. तो काही मिलीअँपिअरवर पेटतो आणि गंजलेल्या जोडावर मीटरइतकाच फसवतो.