वापरलेली स्नोमोबाइल घेताना: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या बर्फवाटांवर फिरण्यासाठी चार-पाच हंगाम वापरलेली स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेली, बर्फावर चालणारी गाडी) शोधू लागले, की स्की-डू या ब्रँडची दोन इंजिने हमखास समोर येतात: 600आर ई-टेक हे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आणि 900 एसीई हे तीन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक. पहिल्याची ताकद सुमारे 125 अश्वशक्ती, तर दुसऱ्याची, टर्बो प्रकार वगळता, 90 ते 95च्या घरात आहे. परंतु ज्या वाटांवर वेगमर्यादा सहसा ताशी 50 किलोमीटर असते, तिथे ही तफावत कागदावर दिसते तितकी जाणवत नाही.

जाणवतो तो वजनातला फरक. फोर-स्ट्रोकचे नाक जड असल्याने ती नागमोडी वळणांवर थोडी आळसावते आणि कडेच्या भुसभुशीत बर्फात रुतली, तर एकट्याने ओढून काढताना दमछाक होते. त्या बदल्यात ती पेट्रोल कमी पिते, शांत चालते आणि टू-स्ट्रोकसारखे पेट्रोलबरोबर तेल जाळत नाही.

टू-स्ट्रोक घ्यायचीच असेल, तर दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब, ज्यावरून इंजिन किती झिजले आहे ते कळते) मोजून घ्यावे. विक्रेत्याने ‘हळूच चालवली आहे’ म्हटल्याने भागत नाही. इंजिन कोणतेही असो, पट्टा ज्यांवरून घसरत फिरतो ते प्लास्टिकचे स्लायडर वाकून पाहावेत, कारण बर्फ कमी असलेल्या कडक वाटेवर ते तापून झिजतात. लांब पल्ल्याच्या सहलींसाठी माझा कौल फोर-स्ट्रोकला आहे, मात्र तिचे इंजिन ऑइल दरवर्षी बदलल्याच्या पावत्या मागून घ्याव्यात.