‘स्पर्श’ प्रणाली : अपंगत्व पेन्शनची एक ओळ आणि वर्षानुवर्षे टिकलेली चूक

माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, 1998 मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीतून बोर्ड आऊट होऊन, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवामुक्त होऊन, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले. सियाचिनवर असताना हिमदंशामुळे त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटे काढावी लागली होती आणि वैद्यकीय मंडळाने त्यांचे अपंगत्व 40 टक्के ठरवले होते. तेव्हापासून त्यांची सगळी पेन्शन एका हिरव्या लोखंडी ट्रंकेत राहिली. डिस्चार्ज बुक, घडीच्या जागी फाटत आलेला मूळ पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पुढे आलेला सुधारित पीपीओ आणि जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसची पत्रे, हे सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले असे. संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीविषयी मी जे लिहीत आहे, ते या ट्रंकेतले कागद आणि पडद्यावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून, गेली तीन वर्षे दर महिन्याला ताडून पाहिल्यानंतर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. अपंगत्व पेन्शन घेणाऱ्या जवानासाठी या प्रणालीची सर्वांत मोठी देणगी म्हणजे तिची मासिक पेन्शन स्लिप होय. पैसे थेट खात्यात जमा होतात ही सोय आहेच, पण ते बँकेमार्फतही जमा होतच होते. स्लिपमध्ये मात्र पेन्शनचे घटक सुटे दिसतात. बोर्ड आऊट झालेल्या जवानाची पेन्शन दोन भागांची असते. सेवेपोटी मिळणारा एक भाग म्हणजे सर्व्हिस एलिमेंट आणि अपंगत्वापोटी मिळणारा दुसरा भाग म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट. तात्यांच्या पासबुकात मात्र वर्षानुवर्षे एकच ओळ आणि एकच आकडा छापून येत असे. त्या आकड्यात अपंगत्वाचे किती, सेवेचे किती आणि महागाईचे किती, हे शाखेतल्या कर्मचाऱ्यालाही सांगता येत नसे.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे समजण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. 100 टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते आणि त्याखाली अपंगत्वाच्या प्रमाणात ती कमी होत जाते. वैद्यकीय मंडळाची टक्केवारी मात्र जशीच्या तशी लागू होत नाही. बोर्ड आऊट झालेल्यांसाठी ती वरच्या टप्प्याला नेली जाते : 50 च्या खालची 50 धरली जाते, 50 ते 75 मधली 75 आणि 76 पासून पुढची 100. म्हणजे तात्यांचे 40 टक्के हे पेन्शनच्या हिशेबात 50 टक्के व्हायला हवेत आणि वेतनाच्या 12 टक्क्यांऐवजी 15 टक्के रक्कम मिळायला हवी. तसा सुधारित पीपीओ त्यांना मिळालाही होता. ज्या बँकेतून त्यांची पेन्शन येत असे, त्या बँकेने मात्र तो कधी लावलाच नाही आणि पासबुकातल्या त्या एका आकड्यावरून हे कळायला काही मार्गही नव्हता.

तात्यांचे खाते ‘स्पर्श’वर आल्यावर पहिली स्लिप मी त्यांच्या ओसरीत बसून मोबाइलवर उघडली आणि डिसॅबिलिटी एलिमेंटपुढचा आकडा वहीत उतरवून घेतला. तो 40 टक्क्यांचा होता. “पेन्शन येतीया न्हवं येळंवर, मग कशाला उकरत बसायचं?” असे तात्या म्हणाले, आणि इतकी वर्षे तेच म्हणत आले म्हणून ही चूक इतकी वर्षे टिकली. सुधारित पीपीओची प्रत जोडून आम्ही तक्रार नोंदवली, नंतर रक्कम दुरुस्त झाली आणि थकबाकीही मिळाली. ज्या माणसाला बर्फात बोटे गमावल्याबद्दल देशाने काही देऊ केले होते, त्याला ते पूर्ण मिळत नव्हते आणि त्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

ही प्रणाली प्रयागराज येथील प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक (पेन्शन) कार्यालयामार्फत चालते. पूर्वी पेन्शनची मंजुरी एकीकडे आणि वाटप दुसरीकडे, म्हणजे बँका, कोषागारे आणि संरक्षण पेन्शन वाटप कार्यालये यांच्याकडे होते. आता मंजुरी आणि वाटप एकाच ठिकाणाहून होते. देशभरातल्या 30 लाखांहून अधिक संरक्षण पेन्शनरांची खाती टप्प्याटप्प्याने इकडे आणण्यात आली आणि हे स्थलांतर सुरळीत झाले असे कोणी म्हणू शकणार नाही. एप्रिल 2022 ची पेन्शन 58,275 जणांच्या खात्यात महिनाअखेर जमा झाली नाही, कारण त्यांच्या वार्षिक ओळखपडताळणीची माहिती बँकांकडून वेळेत मिळाली नव्हती. संरक्षण मंत्रालयाने एकवेळची सवलत देऊन ती रक्कम 4 मे रोजी जमा केली. चार दिवसांचा उशीर कागदावर लहान दिसतो, पण औषधांची चिठ्ठी घेऊन एक तारखेची वाट पाहणाऱ्या घरात तो लहान नसतो.

हयातीच्या दाखल्याच्या बाबतीत मात्र मी या व्यवस्थेला मनापासून दाद देतो. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असल्याने तात्यांचा अंगठा सेवा केंद्रातल्या यंत्रावर उमटत नसे. पुसून, तेल लावून, पुन्हा पुसून चार-पाच वेळा प्रयत्न होत आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरत असे. आता ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन हयातीच्या दाखल्यातल्या चेहरा-पडताळणीमुळे हे काम अंगणात उजेडाकडे तोंड करून, पापण्या मिटून-उघडून होते. फक्त हा दाखला भरताना पेन्शन वाटप करणारी संस्था म्हणून सवयीने जुन्या बँकेचे नाव न निवडता ‘स्पर्श’च निवडावे, नाहीतर दाखला भरूनही तो योग्य ठिकाणी पोहोचत नाही.

आता या प्रणालीची मर्यादा सांगतो. अमेरिकेने हेच काम दुसऱ्या टोकापासून सुरू केले. तिथल्या माजी सैनिक खात्याच्या विन्स्टन-सेलम कार्यालयात कपाटांवर रचलेल्या सुमारे 37,000 फायलींचे ओझे मजल्याच्या क्षमतेपलीकडे गेल्याचे 2012 च्या तपासणी अहवालात नोंदवले गेले. मार्च 2013 मध्ये 125 दिवसांहून जुने अपंगत्वाचे दावे 6 लाखांवर पोहोचले होते. त्यांनी दाव्यांच्या फायलीच स्कॅन करून एका संगणक प्रणालीत आणल्या, त्याच वर्षी ती सर्व 56 प्रादेशिक कार्यालयांत पोहोचवली आणि जादा वेळ काम करून ऑगस्ट 2015 पर्यंत अशा रखडलेल्या दाव्यांची संख्या एक लाखाच्या खाली आणली. आपल्याकडे जुन्या पेन्शनरांच्या बाबतीत आधी वाटप पडद्यावर आले. अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले, हे ठरवणारा वैद्यकीय मंडळाचा निष्कर्ष आहे तसाच पुढे येतो आणि तो मान्य नसेल तर अपील आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण हाच मार्ग उरतो. ‘स्पर्श’ देय रक्कम दाखवते, पण मुळात देय काय आहे हा वाद ती सोडवत नाही आणि तशी अपेक्षा तिच्याकडून ठेवूही नये.

दुसरी अडचण नावांची आहे. भरतीच्या वेळी इंग्रजीत जसे ऐकू आले तसे लिहिलेले नाव, आडनावाच्या जागी गावाचे नाव, पत्नीचे माहेरचे नाव, हे सगळे डिस्चार्ज बुकातून पुढे आले आहे आणि आधारशी ते जुळत नाही. याचा खरा त्रास जवानाच्या पश्चात कुटुंब पेन्शनच्या वेळी त्याच्या पत्नीला होतो. म्हणून तात्यांसारख्यांच्या घरच्यांना माझे सांगणे असे, की जवान हयात असतानाच पत्नीचे नाव आणि जन्मतारीख प्रणालीत तपासावी आणि चूक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त करून घ्यावी. मूळ कागद मात्र टाकू नयेत. आमची तक्रार टिकली ती ट्रंकेतल्या त्या सुधारित पीपीओमुळेच.

या स्लिपवरचे शीर्षक शब्द मराठीत असायला हवेत, ही माझी शेवटची आणि आग्रहाची मागणी आहे. ज्याच्यासाठी ही स्लिप आहे, त्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये. तोपर्यंत मी तात्यांना त्या दोन ओळींची इंग्रजी अक्षरे आणि त्यांचा अर्थ वहीत लिहून दिला आहे. महिनाअखेरीस नातू मोबाइल हातात देतो, तेव्हा तात्या वही मांडीवर ठेवून अक्षरांशी अक्षर ताडत डिसॅबिलिटी एलिमेंटची ओळ स्वतः शोधतात आणि आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याखाली लिहून ठेवतात.