फ्रँचाइज: बोटावरची शाई की दुकानावरची पाटी?

कायद्याच्या इंग्रजीत मत देण्याचा हक्क आणि दुसऱ्याच्या ब्रँडखाली धंदा करण्याची परवानगी, दोन्हींना 'फ्रँचाइज'च म्हणतात. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ 'मोकळीक'. मराठीत एकाला मताधिकार, दुसऱ्याला फ्रँचायझी म्हणतो, ते बरंच आहे.

मताधिकार घटनेच्या कलम ३२६ मधून मिळतो. वय १८ (१९८९ पर्यंत २१ होतं) आणि यादीत नाव असलं की डाव्या तर्जनीला शाई. फी नाही. पण हा हक्क विकता येत नाही, मुलाच्या नावावरही करता येत नाही.

फ्रँचायझी निव्वळ करार. आपल्याकडे तिचा स्वतंत्र कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा यांवर बरंचसं भागतं. वडापावच्या दुकानावर ब्रँडची पाटी हवी? आधी फी, मग बहुधा विक्रीतला वाटा, चटणीसुद्धा त्यांच्याच सांगण्याप्रमाणे. मुदत संपली की पाटी खाली. सही करण्याआधी नूतनीकरणाचं कलम दोनदा वाचा, बाकीचं एकदा वाचलं तरी चालेल (खरं तर नाही).

भिवंडीत तर विजेचीच फ्रँचायझी आहे. २००७ पासून महावितरणच्या वतीनं टोरंट पॉवर वीज पुरवते. २००३ च्या वीज कायद्यात 'फ्रँचायझी'ची व्याख्याच दिलीय. परवाना मात्र महावितरणचाच.