कीकॅड 9, सहा महिने वापरून झाल्यावर

परवा पार्टनरचा फोन, "अरे तुझी बोर्ड फाइल उघडतच नाहीये." कीकॅड म्हणजे सर्किट बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर; तो अजून त्याच्या व्हर्जन 8 वर, मी 9 वर. आणि मी त्या बोर्डात केलं काय होतं, तर एका रेझिस्टरचं नाव जरा बाजूला सरकवलं आणि सवयीनं कंट्रोल एस. झालं, फाइल नव्या फॉरमॅटमध्ये गेली, आता 8 तिला हात लावत नाही.

हो, उघडताना वर एक पट्टी येते की फाइल जुन्या व्हर्जनची आहे, सेव्ह केली की बदलेल. पण ती पट्टी वाचतं कोण? विचारायचं तर सेव्ह करताना विचारा ना बाबांनो! आणि '8 साठी सेव्ह करा' असला प्रकारच नाही. फुकटचं सॉफ्टवेअर, तक्रार कुठल्या तोंडानं करायची, पण करतोय.

मग मी नको तो शहाणपणा केला. फाइल साधी टेक्स्टच असते, नोटपॅडमध्ये उघडली, वरच व्हर्जन 20241229 दिसलं, ते 8 चं 20240108 करून टाकलं. ढिम्म. अनोळखी शब्द दिसला की 8 तिथंच बसकण मारतं, आणि 9 तर 'एम्बेडेड फॉन्ट्स नो' (फाइलमध्ये फॉन्ट घातलेले नाहीत) अशीही ओळ घालतं, म्हणजे जे वापरलंच नाही त्याचीसुद्धा नोंद! शेवटी प्रोजेक्टच्या बॅकअप्स फोल्डरात 8 च्या वेळची झिप सापडली म्हणून वाचलो.

त्या रात्री 9 काढूनच टाकणार होतो. पण दुसऱ्या दिवशी एक बोर्ड फॅबला, म्हणजे बोर्ड बनवून देणाऱ्यांना, पाठवायचा होता आणि 9 मधला जॉबसेट, म्हणजे ठरवून ठेवलेल्या कामांची यादी, चालवला. डीआरसी (डिझाइनच्या नियमांची तपासणी), गर्बर (बोर्डाच्या थरांच्या फाइल्स), ड्रिल (भोकांची फाइल), बीओएम (पार्ट्सची यादी), पोझिशन फाइल (कुठला पार्ट कुठे बसतो), सगळं एकदा लावून ठेवलेलं, एक बटण दाबलं की फोल्डर तयार. आधी ड्रिलची वेगळी विंडो उघडायला मी हमखास विसरायचो, मग फॅबवाल्यांचा मेल, मग एक दिवस वाया. गर्बर-ड्रिल 7 पासून आणि डीआरसी 8 पासून कमांड लाइननं जमत होतं म्हणा, पण कोण टाइप करत बसणार. चार सारखे चॅनल (एकाच सर्किटच्या चार प्रती) असलेल्या बोर्डात एकच राउट करून, म्हणजे त्याचीच जोडणी आखून, बाकीचे तीन रिपीट लेआउटनं उमटवले, तेव्हा तर राग बराच उतरला.

म्हणून 9 ठेवलंय. फक्त जुना प्रोजेक्ट उघडायच्या आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी मारतो. पार्टनरला जॉबसेट दाखवला तर म्हणतो, "मी ड्रिल विसरतच नाही."