इंजिन बदलून किंमत पाडली: घटस्फोटाच्या वाटणीतील जुन्या मोटारीचा अनुभव

गोव्यात घटस्फोटानंतर मालमत्तेची वाटणी ज्या रीतीने होते ती देशातील इतर राज्यांपेक्षा वेगळी आहे, आणि माझी फसवणूक नेमकी कोठे झाली हे समजण्यासाठी तो फरक आधी सांगणे भाग आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून येथे लागू झाली आणि तिच्यातील कौटुंबिक मालमत्तेची तत्त्वे आजही चालू आहेत. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता, अगदी वारशाने आलेलीसुद्धा, सर्वसाधारणपणे दोघांची समाईक होते आणि त्यात प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. संसार चालू असेपर्यंत हा अर्धा वाटा कागदावरच राहतो. घटस्फोट झाला की इन्व्हेंटरीचा दावा दाखल होतो, प्रशासक म्हणून नेमलेली व्यक्ती सर्व मालमत्तेची यादी किमतींसह देते, दुसऱ्या पक्षाला त्या यादीवर किंवा किमतीवर हरकत घेता येते, नव्याने मूल्यांकन मागता येते आणि एखादी वस्तू दोघांनाही हवी असल्यास आपसात बोली लावता येते.

आमच्या यादीत घर, एक शेतजमीन, बँकेतील ठेवी, थोडे दागिने आणि माझ्या सासऱ्यांनी घेतलेली 1956 ची फोक्सवॅगन बीटल एवढ्या गोष्टी होत्या. घर, जमीन आणि ठेवींबद्दल फारसा वाद झाला नाही, कारण त्यांची किंमत दोन्ही बाजूंच्या वकिलांना अजमावता येत होती. वाद व्हायला हवा होता तो मोटारीवर, आणि तो होऊच नये अशी व्यवस्था माझ्या माजी पतीने आधीच करून ठेवली होती.

ज्यांना जुन्या मोटारींची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मार्च 1953 ते जुलै 1957 या काळात बनलेल्या बीटलची मागची काच लंबगोल असते आणि शौकीन लोक त्याच काचेमुळे हे मॉडेल शोधत असतात. 1192 सीसीचे, तीस अश्वशक्तीचे इंजिन मागे असते, विजेची जोडणी सहा व्होल्टची असते, आणि आजच्यासारखे लुकलुकणारे दिवे नसून दोन्ही बाजूंच्या खांबांतून वळताना बाहेर येणारे छोटे बाण असतात. पेट्रोलचा काटाही नसतो. गाडी आचके देऊ लागली की पायाशी असलेली कळ फिरवून राखीव पेट्रोल सुरू करायचे. माझे सासरे हे अगदी शांतपणे, बोलणे न थांबवता करत असत आणि शेजारी बसलेल्या नव्या माणसाला काय झाले ते कळतही नसे. अशा गाडीची किंमत तिच्या रंगावर किंवा गादीवर ठरत नाही. मागच्या आसनाखाली तळाच्या मधल्या लांब उंचवट्यावर (बोगद्यावर) ठोकलेला चासी क्रमांक आणि जनरेटरच्या बैठकीजवळ इंजिनावर ठोकलेला इंजिन क्रमांक हे दोन्ही मूळ नोंदणीशी जुळतात की नाही, यावर ती मुख्यतः ठरते. ही एक गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितली नाही, आणि ज्याला ठाऊक होती त्याने तिचाच उपयोग करून घेतला.

यादीसोबत मोटारीच्या किमतीचे प्रमाणपत्र जोडलेले होते. ते एका गॅरेजमालकाने दिले होते आणि त्यात गाडीची किंमत 1,60,000 रुपये दाखवली होती. इंजिन मूळ नसून नंतरच्या काळातील 1600 सीसीचे आहे, जोडणी बारा व्होल्टची केलेली आहे, खांबांतील बाण काढून ती जागा लांबी (पुट्टी) भरून बुजवली आहे, तळाचा पत्रा कुजला आहे, त्यामुळे गाडीला संग्राह्य मूल्य नाही, असा त्यातील मजकूर होता. सोबत छायाचित्रे होती आणि त्यांत हे सगळे स्पष्ट दिसत होते. माझ्या वकिलांनी गाडी प्रत्यक्ष पाहिली. त्यांनाही प्रमाणपत्रात लिहिलेलेच दिसले. विम्याच्या कागदावरून काही कळेल म्हणावे तर पॉलिसी फक्त तृतीय पक्षाची होती, आणि तशा पॉलिसीत गाडीची किंमत लिहिलेलीच नसते. यादीला हरकत घेतली गेली नाही, गाडी माजी पतीकडे राहिली आणि माझ्या अर्ध्या वाट्याचे 80,000 रुपये मला मिळाले.

त्या प्रमाणपत्रातील एकही वाक्य खोटे नव्हते. खोटी होती ती तपासणीसाठी उभी केलेली गाडी. मूळ इंजिन उतरवून माजी पतीच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ताडपत्रीखाली ठेवले होते, बाण आणि समोरच्या झाकणावरचे वुल्फ्सबर्गचे, म्हणजे फोक्सवॅगनचा कारखाना असलेल्या जर्मन शहराचे, चिन्ह एका खोक्यात बांधून ठेवले होते, आणि जुन्या भंगारातील दुसरे इंजिन तात्पुरते बसवले होते. बीटलचे इंजिन चार मुख्य बोल्ट सोडवले की मागून खाली उतरते. सराईत मेकॅनिकला त्याला अर्धा दिवसही लागत नाही. बदललेल्या इंजिनाची जुनी गाडी दिसली की कोणालाही ते स्वाभाविकच वाटते, कारण सत्तर वर्षांच्या गाडीत काहीच बदलले नसेल अशी अपेक्षा कोणी करत नाही. या फसवणुकीची सगळी मदार या समजुतीवर होती.

उलगडा झाला तो गाडीच्या नंबराच्या पाटीवरून. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त काळ झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी असेल तरच ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असते आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. एका स्थानिक वर्तमानपत्रात जुन्या मोटारींच्या मेळाव्याचे छायाचित्र छापून आले, त्यात आमचीच बीटल होती आणि तिच्यावर व्हीएची पाटी होती. खांबांतले बाण जागेवर होते. ज्या गाडीचे इंजिन बदललेले आहे असे न्यायालयाला दिलेल्या कागदात लिहिले होते, तिला मूळ स्वरूपाची म्हणून नोंदणी कशी मिळाली, हा प्रश्न मी वकिलांना विचारला आणि पुढचे सगळे त्या प्रश्नातून निघाले.

वाहनाची माहिती देणाऱ्या सरकारी ॲपवर इंजिन आणि चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे झाकलेले असतात, त्यामुळे तेथे पूर्ण खात्री होत नव्हती. मात्र सासऱ्यांच्या निधनानंतर जी इन्व्हेंटरी झाली होती तिच्या फाइलमध्ये गाडीच्या जुन्या नोंदणी पुस्तकाची प्रत आणि चासी क्रमांकाची पेन्सिलने घासून काढलेली छाप जपून ठेवलेली सापडली. (सासऱ्यांना कागद टाकून देण्याचा तिटकारा होता, घरात त्यावरून सगळे हसत असू.) वकिलांनी न्यायालयामार्फत वाहतूक खात्याकडून विंटेज नोंदणीच्या अर्जाची फाइल मागवली. तिच्यात लिहिलेला इंजिन क्रमांक आणि सासऱ्यांच्या नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक अक्षरशः एकच होता. त्याच फाइलमध्ये, अर्जाला विमा पॉलिसी जोडावी लागत असल्यामुळे, नवी सर्वसमावेशक पॉलिसीही होती. तिच्यात माजी पतीने स्वतः जाहीर केलेली गाडीची किंमत 12,50,000 रुपये होती. गॅरेजमालकाचे प्रमाणपत्र आणि ही पॉलिसी यांच्या तारखांत वर्षाचेही अंतर नव्हते.

ज्यांच्या वाटणीत अशी एखादी गाडी आहे, मग ती बीटल असो, डुक्कर फियाट असो वा जुनी जीप, त्यांनी किमतीच्या कागदाआधी गाडीची स्थिती गोठवून घ्यावी. घटस्फोटाचा अर्ज दाखल होताच दोन्ही पक्षांच्या समोर चासी आणि इंजिन क्रमांकांची छायाचित्रे आणि पेन्सिल छाप घ्यावी, सुट्या भागांची यादी करावी आणि गाडी कोठे ठेवली जाणार ते लेखी ठरवून घ्यावे. तसे करायला दुसरा पक्ष तयार नसेल तर न्यायालयाकडून कमिशनर नेमून पाहणी मागता येते. किमतीसाठी गॅरेजवाल्याचे पत्र पुरेसे मानू नये. यंत्रसामग्री या वर्गातील नोंदणीकृत मूल्यांकक मिळतात, पण त्यांच्यातलेही सगळे जुन्या मोटारी जाणतात असे नाही, म्हणून जुन्या मोटारींच्या एखाद्या क्लबातील जाणकाराचे मत सोबत जोडलेले बरे. घसारा धरून काढलेली किंमत या गाड्यांना मुळीच लागू पडत नाही. बीटलच्या बाबतीत तर वुल्फ्सबर्ग येथील फोक्सवॅगनच्या मोटार संग्रहालयाच्या प्रतिष्ठानकडून चासी क्रमांकावरून गाडीचा जन्मदाखला मिळतो, आणि गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली ते त्यावरून कळते.

कायद्याची बाजू मी वकिलांकडून समजून घेतली तेवढीच सांगते. फसवणूक करून मिळवलेला हुकूमनामा मुळातच निरर्थक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एस. पी. चेंगलवराय नायडू यांच्या खटल्यात म्हटले आहे, आणि मुदत कायद्याच्या कलम 17 नुसार फसवणूक उघड झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. आम्ही दोन मागण्या केल्या आहेत. पहिली मागणी मोटारीपुरते मूल्यांकन रद्द करून नव्याने व्हावे ही आहे. दुसरी वकिलांना नंतर सुचली आणि मला ती जास्त भक्कम वाटते: मूळ इंजिन, बाण आणि चिन्ह यांचा मूळ यादीत उल्लेखच नव्हता, म्हणजे त्या वस्तू वाटणीतून वगळल्या गेल्या, आणि वगळलेल्या मालमत्तेची पूरक वाटणी मागता येते.

माजी पतीच्या उत्तरात असे म्हटले आहे की मूळ इंजिन फार पूर्वीच हरवले होते आणि घटस्फोटानंतर ते योगायोगाने भंगारवाल्याकडे सापडल्याने त्यांनी स्वतःच्या पैशांनी विकत घेतले. खरेदीची पावती सादर करण्यास न्यायालयाने सांगितले असून ती अद्याप आलेली नाही. तोपर्यंत गाडी विकण्यास किंवा नावावर बदलून देण्यास मनाई करण्यात आली आहे, आणि त्या आदेशाची प्रत वाहतूक खात्याच्या कार्यालयात देऊन त्यावर पोहोच घेतली आहे.